आडनाव तेच, मग नातं का जुळत नाही? आयरिश वंशावळीतली नेहमीची अडचण आणि ती सोडवण्याची रीत

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. कुणाच्या जावयाचे पणजोबा कॉर्कचे मर्फी, कुणाच्या सुनेचं माहेर टिपररीच्या रायन घराण्यातलं, तर कुणाच्या घरी पुण्याच्या कॅम्पातला जुना बाप्तिस्म्याचा दाखला, त्यावर 'केली' हे आडनाव आणि मूळ ठिकाण म्हणून फक्त 'आयर्लंड'. संगणकावर शोध सुरू होतो. त्याच नावाचा, त्याच आडनावाचा, साधारण त्याच वयाचा माणूस सापडतो. दुसऱ्या कुणी आधीच तयार करून ठेवलेली वंशावळही मिळते आणि आपली फांदी तिला जोडली जाते. पुढे कधीतरी एखादी तारीख बसत नाही, आई मुलापेक्षा जेमतेम नऊ वर्षांनी मोठी निघते, किंवा ज्याला पूर्वज मानलं तो लहानपणीच वारल्याची नोंद समोर येते. सगळं मोडून पुन्हा नवा मर्फी शोधायचा आणि पुन्हा त्याच जागी अडकायचं.

यात शोधणाऱ्याचे कष्ट कमी पडत नाहीत, सुरुवातच चुकीच्या टोकाकडून झालेली असते. माझं म्हणणं एवढंच आहे की आयरिश शोधात आधी गाव, मग माणसं आणि सगळ्यात शेवटी आडनाव. हा क्रम उलटा झाला की गुंता ठरलेला.

आडनावावर एवढा भरवसा का नको

आडनावावरून गाव कळायची मराठी माणसाला सवय आहे. लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, हे ओळखायला इथे कुणाला तज्ज्ञ लागला नाही. आयरिश आडनाव असं गाव सांगत नाही. ते एका पूर्वजाचं नाव सांगतं. 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. मर्फी म्हणजे मुरखा नावाच्या कुणाचा तरी वंशज. आडनावं रूढ होत होती त्या दहाव्या-अकराव्या शतकांत हे नाव चांगलंच चलनात होतं. म्हणून वेक्सफर्डचे मर्फी वेगळे, कॉर्कचे वेगळे, आणि उत्तरेकडे टिरोनमध्ये तर 'ओ' ऐवजी 'मॅक' लावणाऱ्या वेगळ्याच घराण्याचं आडनाव इंग्रजीत मर्फी झालं. केलींचंही तसंच. गॉलवे आणि रॉसकॉमन भागातलं घराणं सगळ्यांत प्रसिद्ध, पण त्याच्याशी काही संबंध नसलेली केली घराणी देशभर आहेत.

संख्या पाहिली की अडचणीचा आकार कळतो. निबंधक कार्यालयातल्या रॉबर्ट मॅथेसन यांनी १८९० च्या जन्मनोंदींवरून कोणत्या आडनावाची किती माणसं आयर्लंडमध्ये असतील याचा अंदाज बांधला होता. त्यात मर्फी सुमारे ६२,६०० आणि केली सुमारे ५५,९०० होते. त्यांच्यामागे सलिव्हन, वॉल्श, स्मिथ, ओ'ब्रायन, बर्न, रायन. मुलांची नावं ठेवताना पॅट्रिक, जॉन, मायकल, मेरी, ब्रिजिट, मार्गारेट अशी मूठभरच नावं फिरवायची. एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच वयाचे चार-पाच जॉन मर्फी असणं ही तिथली रोजची गोष्ट होती.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २००६ मध्ये हे जनुकांच्या अंगानेही तपासलं. ४३ आडनावांच्या १,१२५ पुरुषांचे वाय गुणसूत्र, म्हणजे बापाकडून फक्त मुलाकडे जाणारे, त्यांनी पाहिले. एकच आडनाव असलेल्या दोन पुरुषांचे वाय गुणसूत्र जुळण्याची शक्यता इतरांपेक्षा सरासरी तीसपट जास्त निघाली, म्हणजे आडनावाला अर्थ नक्की आहे. रायन आणि ओ'सलिव्हन यांच्यात एक प्रमुख मूळपुरुष दिसला. मर्फी आणि केली यांच्यात मात्र अनेक. आणि तपासलेल्या एकाही आडनावात आजच्या साधारण निम्म्यांहून जास्त माणसं एकाच मूळपुरुषाची निघाली नाहीत. दत्तक मुलं, आईचं आडनाव लावणारी मुलं, सावत्र बापाचं नाव घेतलेली मुलं, जमीनदाराचं किंवा शेजारच्या मोठ्या घराण्याचं नाव उचललेली कुटुंबं असं हजार वर्षांत बरंच काही मिसळलं आहे.

म्हणून मर्फी, केली, वॉल्श, स्मिथ यांच्याकडे वराडकरांसारखं नव्हे, पाटलांसारखं बघा. दोन पाटील भेटले म्हणून आपण त्यांना भाऊबंद ठरवत नाही, गाव विचारतो.

चूक किती दूर जाते याचं उदाहरण

१ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचं एलिस आयलंड स्थलांतरितांसाठी उघडलं. तिथे पहिली नोंद झाली ती कॉर्कच्या अॅनी मूर या मुलीची. दोन धाकट्या भावांना घेऊन ती क्वीन्सटाउनहून, म्हणजे आजच्या कोवहून, नेवाडा जहाजाने आली होती. पुढे तिचं काय झालं? बरीच वर्षं सर्वमान्य उत्तर असं होतं की ती टेक्सासला गेली, डॅनियल ओ'कॉनेल या आयरिश नेत्याच्या वंशातल्या माणसाशी तिचं लग्न झालं आणि १९२३ मध्ये अपघातात ती वारली. त्या टेक्सासच्या बाईच्या वंशजांना समारंभांना मानाने बोलावलंही जात होतं.

वंशावळतज्ज्ञ मेगन स्मोलेनयाक यांनी कागद तपासले तेव्हा टेक्सासची अॅनी मूर अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात जन्मलेली निघाली. २००६ मध्ये खरी अॅनी सापडली. ती न्यूयॉर्क सोडून कुठे गेलीच नव्हती. लोअर ईस्ट साइडच्या दाट वस्तीत राहिली, जोसेफ शायर या जर्मन वंशाच्या माणसाशी तिने लग्न केलं, बरीच मुलं झाली, त्यातली कित्येक लहानपणीच गेली, आणि १९२४ मध्ये ती स्वतः वारली. तिची कबर क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत होती, नावाच्या दगडाशिवाय.

इतक्या प्रसिद्ध मुलीच्या बाबतीत हे घडलं. कुणी मुद्दाम खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. नाव जुळलं, गोष्ट सुंदर होती आणि जन्मस्थळाचा रकाना कुणी पाहिला नाही. तुमच्या शोधात एखादा धागा फार छान जुळला असेल तर त्याच्या प्रत्येक नोंदीतला जन्मस्थळाचा रकाना आज उघडून बघा.

पहिली दुरुस्ती: गाव मिळेपर्यंत आयर्लंडच्या नोंदींत शिरू नका

हा सल्ला ऐकायला उलटा वाटतो, पण सगळ्यात जास्त गुंते यानेच सुटतात. आयर्लंड सोडून गेलेल्या माणसाचं मूळ गाव बहुतेक वेळा तो जिथे जाऊन राहिला तिथल्या कागदात असतं. आणि त्याच्या स्वतःच्या कागदात नसलं तर भावंडांच्या कागदात असतं. तुमच्या पणजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं 'आयर्लंड' लिहिलं असेल, पण त्यांच्या मागाहून गेलेल्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव किंवा तिच्या थडग्यावर पॅरिशचं नाव कोरलेलं सापडू शकतं. भावंडांना सोडून फक्त आपल्या थेट पूर्वजामागे लागणं ही फार महागात पडणारी सवय आहे.

देशागणिक कागद बदलतात. अमेरिकेत बोस्टनच्या 'पायलट' या वृत्तपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती येत. त्यात काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी), पॅरिश, कधीकधी थेट वस्तीचं नाव असे. १८५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेने खातेदाराची ओळख पटवायला त्याचं गाव, आईवडील, भावंडं असं सगळं लिहून घेतलं होतं, आणि त्या वह्या शिल्लक आहेत. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातले मृत्यूचे दाखले आईवडिलांची नावं आणि जन्मस्थळ देतात.

आपल्याकडच्या वाचकांसाठी सैन्याचे कागद सगळ्यात मोलाचे. १८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातले साधारण ४२ टक्के शिपाई आयरिश होते आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींतही आयरिश भरती मोठी होती. कंपनीची जुनी बॉम्बे युरोपियन रेजिमेंट नावं बदलत बदलत १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युसिलिअर्सची दुसरी बटालियन झाली, यावरून मुंबई इलाख्याचं आणि आयर्लंडचं लष्करी नातं लक्षात यावं. पुणे, खडकी, देवळाली, कुलाबा इथल्या छावण्यांतल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या एन/३ या मालिकेत आहेत. त्यांत सहसा आयर्लंडमधलं गाव नसतं, पण पलटणीचं नाव आणि हुद्दा मिळतो. तो घेऊन लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या सैनिकांच्या निवृत्तीच्या कागदांत जायचं. ही डब्ल्यूओ ९७ नावाची मालिका. त्यात जन्म कोणत्या पॅरिशमध्ये, कोणत्या शहराजवळ, कोणत्या काउंटीत, असे तीन रकाने असतात. 'केली, आयर्लंड' एवढ्यावरून 'केली, अमुक पॅरिश, रॉसकॉमन' इथपर्यंत नेणारा दुसरा इतका भरवशाचा कागद मला माहीत नाही. मात्र इथे पेन्शनपर्यंत पोहोचलेले ब्रिटिश सैन्यातले शिपाईच प्रामुख्याने मिळतात. कंपनीच्या पलटणीतल्या शिपायासाठी ब्रिटिश लायब्ररीतल्या भरतीच्या याद्या पाहाव्या लागतात.

दुसरी दुरुस्ती: काउंटीवर थांबू नका, टाउनलँड गाठा

'आमचे लोक काउंटी कॉर्कचे' ही माहिती जवळजवळ निरुपयोगी आहे. कॉर्क ही आयर्लंडची सगळ्यात मोठी काउंटी. तिथला खरा पत्ता म्हणजे टाउनलँड, जमिनीचा सगळ्यात लहान विभाग, आणि आयर्लंडमध्ये त्या साठ हजारांहून जास्त आहेत. काही टाउनलँडमध्ये पाचच घरं असतात. टाउनलँड मिळून सिव्हिल, म्हणजे सरकारी, पॅरिश होतो, पॅरिश मिळून बॅरनी, आणि तिच्यावर काउंटी. शिवाय कॅथलिक चर्चचे पॅरिश वेगळे. त्यांच्या हद्दी सिव्हिल पॅरिशशी जुळत नाहीत आणि नावंही पुष्कळदा निराळी असतात. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा जिल्हा तिसराच, कारण तो गरीब साहाय्य संघांच्या हद्दीवर बेतलेला होता आणि काउंटीच्या सीमा ओलांडतो. माणूस एका काउंटीत राहायचा, त्याच्या मुलांचे जन्म दुसऱ्या काउंटीतल्या गावाच्या नावाने नोंदले जायचे. 'आमचा माणूस नोंदीतच नाही' असं म्हणणाऱ्यांचे निम्मे प्रश्न इथेच मिटतात.

एकाच नावाच्या टाउनलँड पुष्कळ असतात, त्यामुळे नावाबरोबर पॅरिश आणि बॅरनी टिपून ठेवा. लॉगइनम या सरकारी स्थलनाम कोशात नाव टाकलं की त्या नावाच्या सगळ्या जागा आणि त्यांची आयरिश रूपं मिळतात.

टाउनलँड हाती लागली की ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन उघडा. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेली ही मालमत्तेच्या मूल्यांकनाची यादी आहे, विनामूल्य पाहता येते, नकाशासकट. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक जनगणना नष्ट झाल्यामुळे तिलाच जनगणनेच्या जागी मानतात. पण तिची मर्यादा विसरू नका. तिच्यात फक्त जागा ताब्यात असलेल्याचं नाव आहे. बायको, मुलं, दुसऱ्याच्या घरात राहणारे मजूर यांचा पत्ता नाही.

तिच्यातली एक खूण फार लोक बघत नाहीत. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे दोघे असले तर नोंद करणाऱ्याने नावापुढे कंसात काहीतरी लिहिलेलं असतं. 'जॉन मर्फी (डेनिस)' म्हणजे बहुधा डेनिसचा जॉन. कधी केसांचा रंग, कधी धंदा. टिपररीत रायन आणि पश्चिम कॉर्कमध्ये सलिव्हन इतके आहेत की तिथे घराण्याच्या शाखांना जोडनावं पडली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. तुमच्या घरच्या जुन्या पत्रांत असं एखादं विचित्र जोडनाव आलं असेल तर ते आडनावापेक्षा जास्त मौल्यवान आहे.

ग्रिफिथनंतर त्या जागेचा कब्जा कुणाकडून कुणाकडे गेला ते मूल्यांकन कार्यालयाच्या फेरफार वह्यांत मिळतं. जुनं नाव खोडून नवं नाव वेगळ्या रंगाच्या शाईने लिहीत. बापाचं नाव खोडून मुलाचं आलं तर ते साल बापाच्या मृत्यूच्या शोधाला दिशा देतं. सातबारा आणि फेरफार वाचायची सवय असलेल्या माणसाला या वह्या चटकन कळतात.

तिसरी दुरुस्ती: एकाला निवडण्याआधी बाकीच्यांना बाद करा

समजा तुम्हाला जेरेमाया सलिव्हन हवा आहे, बापाचं नाव डेनिस, जन्म १८५८ च्या आसपास, गाव बेरा द्वीपकल्पात. सलिव्हनांचा हा बालेकिल्ला. बाप्तिस्म्याच्या नोंदीत असे चार जेरेमाया सापडले. इथे बहुतेक जण तारखेने सगळ्यात जवळचा उचलतात. तसं करू नका. चौघांचीही यादी करा आणि प्रत्येकापुढे आईचं माहेरचं नाव, टाउनलँड आणि बाप्तिस्म्याला उभे राहिलेले गॉडफादर-गॉडमदर लिहा. मग प्रत्येकाचं पुढे काय झालं ते शोधा. एक लहानपणी वारला. एक १९०१ च्या जनगणनेत बायकामुलांसह तिथेच आहे, म्हणजे तो तुमचा अमेरिकेत गेलेला नव्हे. उरले दोन. आता तुमच्या जेरेमायाच्या बहिणीच्या अमेरिकेतल्या लग्नात आईचं आडनाव हॅरिंग्टन लिहिलं असेल, तर निकाल लागला. नसेल तर दोघेही 'शक्य' म्हणून वहीत राहू द्या.

कॅथलिक नोंदवह्यांत आई तिच्या माहेरच्या आडनावाने नोंदलेली असते, आणि माझ्या मते आयरिश शोधातला सगळ्यात मोठा आधार हाच. मर्फी हजारो असतील, पण मर्फी बाप आणि एखाद्या विरळ आडनावाची आई ही जोडी एका पॅरिशमध्ये सहसा एकच असते. म्हणून शोध नेहमी जोडीने करा. नागरी जन्मनोंदीतही आईचं माहेरचं नाव असतं. लग्नाच्या नागरी नोंदीत दोन्ही बापांची नावं आणि धंदे असतात, आयांची नसतात. मृत्यूच्या जुन्या नोंदीत आईवडील नसतात, पण खबर देणाऱ्याचं नाव असतं, आणि तो पुष्कळदा मुलगा, सून किंवा शेजारी असतो. ते नाव टिपायला विसरू नका.

गॉडफादर, गॉडमदर आणि लग्नाचे साक्षीदार हे सहसा काका, मामा, मावशी किंवा लागून असलेल्या शेताचे शेजारी असत. दोन मर्फी कुटुंबं एकमेकांची आहेत का हे ठरवायचं असेल तर दोघांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याला कोण उभं राहिलं ते शेजारी-शेजारी मांडा. तीच तीच माणसं दोन्हीकडे दिसली तर नात्याची शक्यता खरोखर वाढते.

नावं ठेवण्याची जुनी रीतही उपयोगी पडते. पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी बापाच्या आईच्या. ही रीत सगळ्यांनी सगळीकडे पाळलेली नाही. तिच्यावरून अंदाज बांधावा आणि तो दुसऱ्या कागदाने तपासावा.

नाव विरळ असलं तर काम किती सोपं होतं ते बराक ओबामांच्या उदाहरणात दिसतं. त्यांच्या आईकडचा पूर्वज फॉलमथ कर्नी ऑफली काउंटीतल्या मनीगॉलचा, १८५० मध्ये अमेरिकेत गेलेला. कर्नी भरपूर आहेत, फॉलमथ कर्नी नाहीत. स्थानिक प्रोटेस्टंट चर्चच्या वह्यांत कुटुंब सापडलं आणि गाव पक्कं झालं. तो जॉन कर्नी असता तर कदाचित आजही वाद चालू असता.

माणूस सापडतच नसेल तर

आधी आडनावाचा पुढचा भाग काढून शोधा, मग लावून शोधा. इंग्रजी अंमलात सतराव्या-अठराव्या शतकांत 'ओ' आणि 'मॅक' मोठ्या प्रमाणावर गळाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाबरोबर पुष्कळांनी 'ओ' परत लावला. बाप कॉनर, मुलगा ओ'कॉनर असं एकाच घरात दिसतं. काहींनी १९११ च्या जनगणनेचा अर्ज चक्क आयरिशमध्ये भरला, तिथे मर्फी शोधून मिळणार नाही, ओ मुरखा शोधावा लागतो.

इंग्रजी दिसणारी आडनावंही फसवतात. कॅव्हन भागातले बरेच स्मिथ हे मूळचे मॅक गव्हन, म्हणजे लोहाराचे वंशज. त्यांचेच भाऊबंद दुसरीकडे मॅकगोवन म्हणून नोंदले गेले. क्लार्क हे कितीतरी ठिकाणी मूळचे ओ'क्लेरी. त्यामुळे स्मिथ दिसले की इंग्लंडहून आलेले, असं धरून चालू नका.

पहिल्या नावांचं वेगळंच प्रकरण आहे. चर्चच्या वह्या पुष्कळदा लॅटिनमध्ये. जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस. ब्रिजिट अमेरिकेत जाऊन डीलिया होते, होनोरा घरात नोरा आणि कागदावर हॅना होते, जेरेमायाला गावात डार्बी म्हणतात.

वयावर कधीच विसंबू नका. सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन देणारा कायदा १९०८ मध्ये आला आणि जानेवारी १९०९ पासून पैसे मिळू लागले. जन्माचा नागरी दाखला त्या पिढीकडे नव्हता, त्यामुळे पेन्शनसाठी वय वाढवून सांगणं सोपं होतं. १९०१ आणि १९११ च्या जनगणना शेजारी ठेवल्या तर दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली माणसं ढिगाने दिसतात. याच कायद्याने एक मोठी देणगीही दिली. वय सिद्ध करायला लोक १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतला उतारा मागत. त्यासाठी आईवडिलांची नावं आणि टाउनलँड लिहून द्यावी लागे. त्या जनगणना पुढे जळाल्या, पण हे अर्ज राहिले, आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

'सगळं जळालं' हे अर्धंच खरं

यादवी युद्धाच्या सुरुवातीला, ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं अभिलेखागार उद्ध्वस्त झालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ पूर्ण गेल्या, मृत्युपत्रं गेली, प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून जास्त पॅरिशच्या वह्या गेल्या. १८६१ ते १८९१ च्या जनगणना मात्र आगीत गेलेल्या नाहीत, सरकारनेच त्या नष्ट केल्या होत्या.

कॅथलिक वह्या तिथे ठेवलेल्याच नव्हत्या, त्या वाचल्या. साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांची छायाचित्रं आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. नागरी नोंदणीही सुरक्षित आहे. कॅथलिकेतर लग्नं १८४५ पासून, बाकी सगळं १८६४ पासून. ती सरकारी संकेतस्थळावर मूळ पानासकट फुकट मिळते. उत्तरेकडच्या सहा काउंटींसाठी १९२२ नंतर बेलफास्टच्या कार्यालयाकडे जावं लागतं. १९०१ आणि १९११ च्या जनगणना संपूर्ण आहेत. १९२६ च्या जनगणनेची शंभर वर्षांची गोपनीयतेची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची.

पश्चिमेकडच्या गरीब पॅरिशमध्ये वह्याच १८२० ते १८५० च्या दरम्यान सुरू होतात. त्यामागे साध्या शेतकरी कुटुंबाची सलग वंशावळ दाखवणारा कागद बहुधा नसतो. तिथून थेट ब्रायन बोरू या हजार वर्षांपूर्वीच्या आयरिश राजापर्यंत नेणारी ऑनलाइन वंशावळ दिसली तर तिला हात लावू नका.

डीएनए चाचणी केली, तरी गोंधळ आहे

कुठली चाचणी केली ते आधी बघा. वाय चाचणी फक्त बापाकडून मुलाकडे जाणारी रेषा दाखवते, म्हणजे आडनावाचीच रेषा. दोन मर्फी एका घराण्याचे का, या प्रश्नाला ती थेट उत्तर देते. बाईला ती करता येत नाही, तिच्या भावाने, वडिलांनी किंवा चुलतभावाने करावी लागते. नेहमीची, लाळेची, सगळ्यांना करता येणारी चाचणी सगळ्या बाजूंचे नातेवाईक दाखवते, पण पाच-सहा पिढ्यांपलीकडे ती लंगडी पडते.

नेहमीची चूक अशी: यादीत एक लांबचा नातेवाईक आला, त्याच्या वंशावळीत मर्फी, आपल्याही वंशावळीत मर्फी, म्हणून नातं मर्फीकडून. प्रत्यक्षात ते नातं त्याच्या आजीच्या डोनोव्हन बाजूने असू शकतं. दोन आयरिश वंशावळी शेजारी ठेवल्या तर दोन्हींत मर्फी निघणारच. दोघांना समान असलेले आणखी नातेवाईक कोण, आणि त्या सगळ्यांच्या वंशावळी कुठल्या टाउनलँडवर येऊन मिळतात, हे बघायचं. बेटांवर आणि पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्या-शेजाऱ्यांत लग्नं झाली, तिथे जुळणी असते त्यापेक्षा जवळची वाटते.

समोरच्याला पहिलं पत्र लिहिताना

'तुमचंही आडनाव केली, आपण नातेवाईक आहोत का?' असं पत्र आयर्लंडमधल्या केलींना आयुष्यभर येत असतं, आणि त्याला उत्तर देणं त्यांना शक्यच नसतं. त्याऐवजी एका परिच्छेदात हे लिहा: माणसाचं नाव, अंदाजे जन्मसाल, टाउनलँड आणि पॅरिश, बायकोचं माहेरचं आडनाव, मुलांची नावं क्रमाने, आणि कोण कधी कुठे गेलं. यातलं काय कागदावर पाहिलंय आणि काय घरात ऐकलंय ते वेगळं दाखवा. मग दोनच प्रश्न विचारा. त्यांच्या आजोबांची जमीन कुठल्या टाउनलँडमध्ये होती, आणि आजी कुठल्या घराण्यातून आली होती. पॅरिशच्या पाद्रींना किंवा स्थानिक इतिहास मंडळाला लिहितानाही हाच मजकूर चालतो. गावातल्या एखाद्या वयस्क माणसाला जोडनाव आठवलं, तर ते त्याच दिवशी, त्याने उच्चारलं तसंच, वहीत उतरवून घ्या.